पांढरी चमकी

इकडं ये रफिक. अजून जवळ. उंबऱ्यात एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभं राहायची तुझी सवय मला ठाऊक आहे. ही मावससासू खाला बोलायला लागली की सटकायला बरं. बस खाली. दीड वर्ष झालं, तू माझ्या दारात आला नाहीस, फोन उचलला नाहीस, ईदचा सलामसुद्धा बायकोच्या तोंडून पाठवलास. शोभतं का रे तुला? आता हे छापून सांगायची पाळी आणलीस माझ्यावर. दिवाळीचा हा अंक सराफ्यातल्या गाद्यांवर महिनाभर लोळत असतो. तू नाही वाचलास तर कुणी ना कुणी वाचून दाखवीलच.

बाकीच्यांनीही ऐका. अंकवाले गुरुजी मला म्हणाले, "आपा, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. असलं काम असतं हे लोकांना ठाऊकच न्हाई." मी शाळेत चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचणं पुड्या बांधून आलेल्या पेपरावर. अक्षर बिघडलंय, हात हलतो, म्हणून मी सांगतेय आणि नात उतरवून घेतेय. हात का हलतो ते पुढं येईल.

आमचा धंदा म्हणजे सोनाराचा केर धुणं. हसू नका. सोनार दिवसभर कानशीनं घासतो, कापतो, ठोकतो. सोन्याचा बारीक कीस उडतो तो गादीवर, जमिनीवर, कारागिराच्या लुंगीच्या घडीत, भुवयांत. म्हणून सोनाराच्या दुकानातला केर कुणी फेकत नाही. तो आम्ही विकत घेतो. त्या मातीला न्यारा म्हणतात, आम्ही न्यारेवाले. मराठीत जुनी माणसं झारेकरी म्हणायची. केर चाळायचा, चिंध्या जाळून त्यांची राख त्यातच घालायची, लोहचुंबकानं लोखंड काढायचं आणि मग पसरट घमेल्यात पाणी घेऊन फिरवत राहायचं. माती हलकी, ती पाण्याबरोबर जाते. सोनं जड, ते तळाला बसून राहतं, मोठ्या घरच्या सुनेसारखं. मनगट कसं फिरवायचं हे शिकायला मला दोन वर्षं लागली. सासरे मागं उभे राहून म्हणायचे, "बेटा, पाण्याला धमकावू नको, समजाव."

नांदेडच्या सराफ्यात माणसं एकेक. एक नारायणशेठ होते. दारातलं काथ्याचं पायपुसणं वर्षातून एकदा मला जाळायला द्यायचे, पण असं जपून की जणू पोरगी सासरी धाडतायत. मी निघाले की म्हणायचे, "आपा, पदर झटका." मी म्हणायची, "शेठ, तुमचं सोनं माझ्या पदराला चिकटलं असेल तर त्याचा दोष न्हाई, माझ्या पदरालाच सगळे चिकटतात." शेठ लाजून वहीत तोंड घालायचे. पण पदर झटकल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यांच्याच गल्लीत एक न्हावी होता, तो कारागिरांचे कापलेले केस वेगळ्या पिशवीत ठेवायचा. बाकी लोकांचे केस उकिरड्यावर, कारागिरांचे माझ्यासाठी. वर्षाच्या पिशवीतून मसुरीच्या डाळीएवढं सोनं निघालं की त्याच्या तोंडावर असा आनंद, जणू त्याच्याच डोक्यातून निघालं.

इथपर्यंत सगळं छान. आता पारा.

पाण्यानं धुऊन सगळं सोनं हाती लागत नाही. पिठासारखं बारीक सोनं मातीत लपून राहतं. त्याच्यासाठी पारा. पाऱ्याला सोन्याची भूक. मातीत फिरवला की कण न् कण गिळतो. मग फडक्यात घालून पिळला की हातात लोण्यासारखी गोळी उरते, चांदीसारखी पांढरी. सोनं बघायला जाल तर दिसणार नाही. ती गोळी तापवली की पारा उडून जातो आणि खाली पिवळं सोनं बसलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी टाळी वाजवली होती.

पारा उडून जातो. जातो कुठं? हे सासऱ्यांनी कधी विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि रफिक, मी तुला शिकवलं तेव्हा तूही विचारलं नाहीस.

आमच्याकडं गोळी तापवायची जागा म्हणजे मागच्या अंगणातली बोरीखालची चूल. वाऱ्याकडं पाठ करून बसायचं. चुलीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा. सुरू करायच्या आधी गुळाचा खडा, संपल्यावर दूध. गूळ पाऱ्याला ओढून घेतो म्हणे. आता डोकं आपटावंसं वाटतं. अरे, गूळ जातो पोटात आणि ही वाफ जाते छातीत! पोटाचा रस्ता कुठं, छातीचा कुठं! चाळीस वर्षं आम्ही चोर एका दारानं येत असताना दुसऱ्या दाराला कुलूप लावत बसलो. आणि अंगणात का बसायचं? सासू म्हणायची, घरात केलं तर छत काळं होतं. तेवढंच कारण मला माहीत. म्हणजे इतकी वर्षं मी जगले ती छताच्या काळजीनं.

रफिक माझ्या भाचीचा, नसीमचा नवरा. अहमदपूरला त्याचं बांगड्यांचं दुकान होतं, ते चालेना. नसीम म्हणाली, "खाला, याला तुमच्या हाताखाली घ्या." सहा महिने आला. खोटं कशाला बोलू, पोराचा हात सोन्याचा होता. मला दोन वर्षं लागली ते घमेलं त्यानं दोन महिन्यांत धरलं. मी गल्लीभर सांगत फिरले, माझा जावई पाण्याला समजावतो. चुलीजवळ बसवून त्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, "आचेला वारा लागू देऊ नको. सोन्याची राख फुंकरीनं उडते." ती मी अंगणात बसून सांगितली. अंगण का, ते सांगितलं नाही. मलाच कुठं ठाऊक होतं.

शिकून तो स्वतःचा धंदा करायला अहमदपूरला परत गेला. तिथं त्यांचं भाड्याचं स्लॅबचं घर, वरचा मजला. अंगण नाही, गच्चीवर मालकाचं वाळवण. तर या शहाण्यानं काय करावं? स्वयंपाकघराची खिडकी लावली, फटीत ओलं फडकं कोंबलं, पंखा बंद केला आणि गॅसच्या एका शेगडीवर छोट्या कढईत गोळी ठेवली. खालाचा हुकूम, आचेला वारा नको! दुसऱ्या शेगडीवर नसीम भाकरी करत होती. जुम्म्याचा दिवस. नमाजाची वेळ झाली तशी हा उठला. "नजर ठेव जरा, मी आलोच," म्हणाला आणि जाताना दार ओढून घेतलं. मुलगी शाळेत होती, एवढी एक अल्लाची मेहरबानी.

वाफेला वास नाही, रंग नाही, ठसका नाही. नसीम दोन्ही शेगड्यांपुढं उभी. संध्याकाळी तिच्या तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव आली. मग थंडी, ताप, खोकला. रफिक म्हणाला, हवा बदललीय. दोन दिवस इंजेक्शनं झाली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, "खाला, नसीमला दम लागून राहिलाय." मी दुपारची एसटी धरली. लोहा गावापर्यंत उभी, पुढं एका मास्तरानं जागा दिली.

दवाखान्यात गेले तर पोरगी उशीला टेकून बसलेली, खांदे वरखाली, ओठ जांभळट. आणि मला सगळ्यात आधी दिसली तिच्या नाकातली चमकी. लग्नात मी घातलेली, सोन्याची. ती पांढरी.

मी रफिककडं वळले. "सोन्याची विकलीस? बायकोच्या नाकातली काढून चांदीची घातलीस?"

"न्हाई खाला, कसम. तीच हाय."

"मला शिकवतोस? चाळीस वर्षं मी काय शेण धुतलं?"

"खाला, तीच... हाय," नसीम म्हणाली. तीन शब्दांना तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

मी वाकून चमकीला अंगठा लावला. हा पांढरा रंग मी रोज बघितलेला. सोन्यावर पारा चढला की असाच दिसतो. पण तो हातातल्या गोळीवर दिसावा. माणसाच्या नाकावर कसा आला?

"रफिक," मी म्हटलं, "गोळी कुठं तापवलीस?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला.

तेवढ्यात डॉक्टर आला. तरुण पोरगा, दोन रात्री झोपला नसावा असे डोळे. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हिला काय झालंय?"

"न्यूमोनिया आहे मावशी. दोन्ही बाजूंनी. औषधं चालू आहेत."

"न्यूमोनिया चमकीला पण होतो का?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं म्हाताऱ्या बाईकडं बघतात. मी नसीमच्या नाकातली चमकी हळूच काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "ही सोन्याची हाय. हिच्यावर पारा बसलाय. नाकाच्या बाहेर बसलाय म्हणजे नाकातून आतही गेलाय. हा सर्दीतला न्यूमोनिया न्हाई. पाऱ्याची वाफ हाय ही."

"खाला, चुप बसा," रफिक दात आवळून म्हणाला. त्याच्या मागं दोन सोनार उभे होते, केळी घेऊन नसीमला बघायला आलेले. त्यांच्याच दुकानांचा केर तो घ्यायचा.

डॉक्टरनं चमकी उजेडात धरली. मग रफिकला विचारलं, "तुम्ही घरात पारा तापवला का?"

हा सोनारांकडं बघतोय. सोनार केळ्यांकडं बघतायत. पोलीस येतील, दुकानाचं नाव निघेल, केर बंद होईल, हे सगळं त्याच्या तोंडावर मला वाचता येत होतं. आणि पलंगावर माझी पोरगी एकेक श्वास विहिरीतून ओढून काढत होती.

"हाव म्हण रे!" मी ओरडले. सगळा वॉर्ड वळला. "तुझी अब्रू जाईल, पण हिचा जीव चाललाय!"

"हाव," तो म्हणाला. "बंद खोलीत."

त्याच तासाला लातूरला गाडी निघाली. डॉक्टरनं पुढं फोन करून ठेवला होता. पोरगा भला. चमकी एका छोट्या डबीत बंद करून चिठ्ठीसोबत पाठवली त्यानं.

लातूरच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. नसीमला मशीन लावलं, नळ्या लावल्या. अकरा दिवस मी बाहेरच्या बाकड्यावर. बाई मला समजावून सांगायच्या. पाऱ्याची वाफ थेट छातीत शिरते, फुफ्फुसाच्या टोकाला द्राक्षांसारखे बारीक फुगे असतात ते भाजून काढते. भाजतेय हे कळतच नाही, कळतं तेव्हा तास उलटलेले असतात. मी म्हटलं, "बाई, आम्ही अंगणात करायचो, आम्हाला तर काही झालं न्हाई."

"मावशी, हात पुढं करा," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

मी केले. दोन्ही हात वाऱ्यातल्या पानांसारखे.

"हे कधीपासून?"

"वय झालं बाई."

"नुसतं वय नाही मावशी. उघड्यावर वाफ कमी लागली असेल. लागली नाही असं नाही."

त्या दिवशी मला कळलं की कपबशी माझ्या हातात का वाजते. मी तो आवाज म्हातारपणाचा समजत होते.

आणि वैतागाचं अजून ऐका. बाईंनी बजावलं होतं, ते स्वयंपाकघर झाडू नका, दारं-खिडक्या उघडी टाकून लांब राहा, पारा खाली पडलेला असतो, तो तसाही उडत राहतो. हा निरोप घेऊन मी अहमदपूरला गेले, तर रफिकच्या अम्मांनी स्वयंपाकघर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडून काढलेलं! आणि ती कढई? ती राखेनं घासून तिच्यात शिरा करून ठेवलेला. सून दवाखान्यातून येणार म्हणून गोड! मी शिऱ्यासकट कढई पिशवीत घालून तीन गाठी मारल्या आणि तशीच लातूरला बाईंकडं नेली. "हिचं काय करू?" त्यांनी पिशवी बाहेर ठेवायला लावली आणि घर नीट साफ करायला माणसं पाठवायची सोय केली. अम्मा अजून म्हणतात, खालानं आमची कढई नेली.

नसीम वाचली. अल्लाचे आभार, त्या दोन डॉक्टरांचे आभार. पण पहिली नसीम आली नाही. ही पोरगी गच्चीवरून हाक मारायची तर चार घरांत चहा चढायचा. आता बोलते ते वाक्य मध्येच ठेवून, श्वास घेऊन, मग उरलेलं उचलते. पाण्याची कळशी उचलत नाही. पायऱ्या दिसल्या की आधी मोजते. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आतले डाग राहणार. आणि पुन्हा एकदा असं झालं तर हिच्या छातीला झेपणार नाही.

इकडं सोनारांनी रफिकचा केर बंद केला. भीतीच होती त्यांना. हा माझ्या दारात आला, शेवटचं. "खाला, तुम्ही भर वॉर्डात माझी रोटी मोडली. डॉक्टरला कोपऱ्यात घेऊन सांगता आलं असतं." आणि गेला.

खरं सांगू रफिक? आलं असतं. तेवढं तुझं बरोबर आहे. दोन पावलं बाजूला नेऊन सांगितलं असतं तर सोनारांना ऐकू गेलं नसतं. मला तेव्हा दोन पावलं सुचली नाहीत. त्याचं वाईट वाटतं. पण रात्री मला जे टोचतं ते हे नाही. मला टोचतं ते "आचेला वारा लागू देऊ नको." तू खिडकी लावलीस ती माझ्या शब्दानं. मी तुला सगळं शिकवलं, अंगणातच का, तेवढं शिकवलं नाही. हे मी तुझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, पण तू तोंड दाखवशील तर ना!

मी पारा सोडला. लातूरहून आले त्याच आठवड्यात. आता पाण्यानं जेवढं निघेल तेवढं काढते, उरलेली माती लातूरच्या धुरांडीवाल्या कारखान्याला देते. त्यांच्याकडं वाफ कोंडून धरायची यंत्रं आहेत. हाती सोनं कमी येतं. येऊ दे. धंद्यातली म्हातारी माणसं हसतात, आपानं घाबरून पारा टाकला. हाव, घाबरले. कपबशी वाजवत हसा.

आणि आता हे सगळं लिहायला का बसले? मागच्या आठवड्यात नसीमचा फोन आला.

"खाला... बाटली परत... आलीय."

"कुठली बाटली?"

"पाऱ्याची. कपाटावर, मोज्यात... गुंडाळून. हिमायतनगरकडून माती... आणून राहिलेत."

"आणि तापवणार कुठं?"

"म्हणतात, या वेळी... खिडकी उघडी ठेवीन."

खिडकी! अरे, घोडं गेल्यावर तबेल्याला तू दार पण लावत नाहीस, खिडकी उघडतोस! विस्तवाच्या घरात खिडकी उघडली म्हणजे काय घर थंड होतं? बाई म्हणाल्या, उघड्या अंगणात बसून माझे हात गेले. तू स्वयंपाकघराच्या खिडकीवर नसीमची छाती टांगून ठेवणार? तुझा हात इतका चांगला, की पाण्यातनं तू सोनं बाहेर बोलावतोस, तुला पाऱ्याची गरज काय? आळस आहे दुसरं काय!

ऐक. नायगावच्या दोन दुकानांचा केर माझ्याकडं येतो, माझ्या हातानं आता घमेलं धरवत नाही. अर्धं पाणी माझ्याच अंगावर. तो केर तुझा. सोनारांशी मी बोलले आहे, तू पारा वापरणार नाहीस असं माझ्या नावावर सांगितलंय. माझं नाव खाली पाडू नको. बाटली कपाटावरून उतरव, बूच घट्ट लाव, मोजा राहू दे तसाच, वाटेत उघडू नको. ती जमा कुठं करायची ते मी बाईंना विचारून ठेवलंय.

नसीमला घेऊन ये. आमच्या गल्लीला नदीकडून चढायला चौदा पायऱ्या आहेत, हे तिला पाठ आहे, म्हणून ती यायचं नाव काढत नाही. तर मी सातव्या पायरीवर खुर्ची ठेवलीय. लाकडी, हाताची, वर गादी टाकून. आठ दिवस झाले. दूधवाला ठेचकाळला, सायकल उचलून चढणारे शिव्या देतात, शेजारचे हाजीसाहेब रोज म्हणतात, "आपा, रस्ता हाय हा, दिवाणखाना न्हाई, खुर्ची उचला." मी म्हणते, माझी भाची यायची आहे, ती बसली की उचलीन.

शुक्रवारी नमाज झाली की निघा. लोक फार दिवस ऐकायचे नाहीत माझं. लवकर या.